आईला किती दिसतं

वरची वस्ती, ता. धारूर
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. उज्ज्वला वहिनींना नमस्कार, सायलीला खूप पापे. तिचा खोकला गेला असेल असं धरून चालते.

भाऊबीजेनंतर गाडीत बसताना तू मला विचारलंस, "खरं सांग अंजे, आईला किती दिसतं?" मी पिशव्या आत सरकवत होते, ऐकू न आल्यासारखं केलं. महिना होऊन गेला, मी त्याच प्रश्नापाशी आहे. मला उत्तर येत नाही. बी.एस्सी. झालेल्या बहिणीला येईल असं तुला वाटलं असेल, पण येत नाही. डॉक्टरांच्या कागदावर काय आहे ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. उजव्या डोळ्याने काही नाही, डाव्याने फक्त उजेड आणि अंधार. तो कागद खोटा नाही. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात नाही.

पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. "बरं, रविवारी येतो, मग बोलू." रविवारी तू परळीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो घेऊन येणार. टेम्पो दारात उभा असताना बोलणं होत नसतं, निरोप होतात. स्पीड पोस्ट शनिवारपर्यंत पोचेल असं पोस्टात म्हणाले. शेवटपर्यंत वाच, मग वहिनींना दे.

इकडची खबर अशी की यंदाच्या पावसाने ज्वारी उशिरा पेरली गेली, पण डोंगराच्या कडेला गवत अजून हिरवं आहे. शाळेत माझे तास वाढले. आता नववीलाही विज्ञान मीच शिकवते. मागच्या आठवड्यात फळ्यावर पाच ज्ञानेंद्रियं लिहिली आणि खडू तिथेच थांबला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, माझी आजी न बघता सांगते दूध उतू जायलंय म्हणून. ते यातल्या कशात बसवायचं?" मी म्हणाले, कानात बसव, फेसाचा आवाज येतो. ती म्हणाली, "आजीला ऐकू येत न्हाई." वर्ग हसला. मला मात्र आपली आई आठवली.

आईची नजर गेली तेव्हा तू पुण्यात नवा होतास. मोतीबिंदू आहे, पिकला की काढू, असं म्हणत आपण थांबलो. बाबा थांबले, तू थांबलास, बारावीला जीवशास्त्र घेतलेली मीही थांबले. तो काचबिंदू निघाला. तो पिकत नव्हता, नजर खात होता.

पण त्यानंतरची आई तू फारशी पाहिलेलीच नाहीस. सणाला येतोस आणि आल्याआल्या तिचा हात धरतोस. हात धरला की ती आंधळी दिसते. तू नसतोस तेव्हा ती कळशी घेऊन हौदावर जाते, येते. बांधावरून कोण चाललंय ते सांगते. "आप्पाराव हाय, चपलंचा अंगठा तुटलाय त्याचा." मी बघायला जायची तर आप्पाराव खरंच एक पाय घासत चाललेला. मेंढी ती खांद्यावरच्या लोकरीवरून ओळखते, कानाच्या मुडपीवरून, खोकल्यावरून. कोकरू ओरडण्यावरून. अगदी कोवळं असेल तर शेपटीच्या बुडाशी नाक नेऊन.

एकदा मी तिला विचारलं, भिंत आली हे तुला कसं कळतं, तू कधी आपटत कशी नाहीस? ती म्हणाली, "गालाला लागती की भित. हातभर ऱ्हायली की गालापाशी कुनी फडकं धरल्यावानी व्हतं." मी वाचलं होतं की ते काम गालाचं नसतं. पावलांचा आवाज भिंतीवरून परत येतो, तो कान ऐकतो, आणि माणसाला वाटतं चेहऱ्याला कळलं. खात्री करायची म्हणून मी तिच्या कानांत कापूस घातला, वरून माझी ओढणी आवळली. ती चार पावलं चालली आणि कपाळ भिंतीवर. मला इतका आनंद झाला की लागलं का, हे विचारायचंच राहिलं. कपाळ चोळत ती म्हणाली, "म्हंजी आजवर माझा गाल खोटं बोलत व्हता?" मी म्हणाले, खोटं नाही गं, काम कान करत होता आणि नाव गालाचं होत होतं.

"मग आपल्या घरावानीच हाय म्हन की. राबायचं म्या आन् नाव तुझ्या बापाचं."

बाबा तेव्हा होते. खाटेवर पडल्यापडल्या हसले.

आता तू आईला घेऊन गेलास ते पुण्याचे बावीस दिवस. वहिनींनी आईला काही कमी केलं नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. ताट हातात, गरम पाणी, रोज पायाला तेल. पण तुमच्या खोलीत पंखा फिरतो, शेजारचा टीव्ही चालतो, खाली रस्ता वाहतो. फरशी, भिंती, जिना, सगळं एकाच गुळगुळीत आवाजाचं. सगळीकडे एकाच साबणाचा वास. तिथे तिच्या कानाला धरायला काही नव्हतं. न्हाणीघर सात पावलांवर, तरी ती वहिनींना हाक मारायची. मी तिला न्यायला आले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही तळहात मांडीवर, परक्याच्या घरी सोयरिकीला आल्यासारखी. मी दारातून आत आले, चार पावलं टाकली, तिने ओळखलं नाही. "आई" म्हटल्यावर दचकली.

दादा, माझी आई पुण्यात आंधळी झाली. काचबिंदूने तिला तोवर तेवढं आंधळं केलं नव्हतं.

तू म्हणालास, सवय होईल. होईलही. माणसाला कोपऱ्यात बसायची सवय होते.

मग पाडव्याची संध्याकाळ आली. ती मला लिहायलाच हवी आहे आणि तिच्याभोवतीच मी इतका वेळ फिरते आहे.

जेवताना वाद मीच काढला. तू म्हणालास, मेंढरं विकू, आईला घेऊन जातो, तिचं हे जाळीत रांगणं बघवत नाही. मी म्हणाले, डोळे असलेल्यांपेक्षा आई कोकरं चांगली लावते, बघायचं तर बघ. वहिनींना हे काम नीट माहीत नाही, त्यांच्यासाठी लिहिते. मेंढ्या दिवसभर चरायला जातात, कोकरं जाळीच्या कुंपणात मागे राहतात. संध्याकाळी कळप आला की प्रत्येक कोकरू उचलून त्याच्याच आईखाली लावायचं. चुकलं तर मेंढी पाजत नाही, ढुशी देते. आई हे लहानपणापासून करत आली आहे.

तू हात धुतलेस आणि म्हणालास, "ठीक हाय. नऊ कोकरं हायत. नऊच्या नऊ लावली तर मेंढरं ऱ्हातील. न्हाई तर इकायची आन् आई माझ्यासंगं. मंजूर?"

मी मंजूर म्हणाले. मेंढरं आईची, हात आईचे, जायचं आईला. पण मंजूर मी म्हणाले. तिला तू विचारलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

पाच बरोबर लागली, चार चुकली. सटवा काका उभे होते, वस्तीवरचे चार जण उभे होते. तू जिंकल्यासारखं काही केलं नाहीस, हेही लिहायला हवं. तू तांब्या आणून आईच्या हातात दिलास. "बास झालं आई," एवढंच म्हणालास. ती पाणी प्यायली आणि तांब्या जमिनीवर ठेवताना तिने दोनदा चाचपलं.

शाळेची घंटा झाली. पुढचं घरी लिहीन.

आता घरी आहे. चहा केला, दिवा लावला. घरात आज आवाज नाही, लिहायला बरं पडतं.

तुला न सांगितलेली गोष्ट अशी. मागच्या दिवाळीत सायलीच्या पायाला गोचीड चिकटला होता आणि ती रात्रभर रडली होती. म्हणून यंदा तुम्ही यायच्या आधी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी धारूरहून आणलेलं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून सगळ्या मेंढ्यांना लावलं. उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून कोकरंही पुसून काढली. आई म्हणाली, "कोवळ्यांना आज नगं. वास मोडतो." मी म्हणाले, आई, बाटलीवर सगळं लिहिलेलं आहे. बाटलीवर वासाबद्दल एक अक्षर नव्हतं.

आता पाडव्याची संध्याकाळ आठव. आई काय करत होती ते नको, मेंढ्या काय करत होत्या ते आठव. मेंढी कोकराची शेपटी हुंगते आणि मग पाजते. त्या संध्याकाळी बरोबर लावलेल्या कोकरांनाही दोघींनी ढुशी दिली. सटवा काका म्हणाले होते, "आज मेंढरं बी येड्यावानी करायल्यात." तू ऐकलं होतंस. आईने जी पाच लावली ती मोठी होती, त्यांचा आवाज तिला ठाऊक होता. जी चार चुकली ती चार-पाच दिवसांची होती. त्यांचा आवाज अजून ठरलेला नसतो, ती फक्त वासाने कळतात. आणि वास मी आदल्या दिवशी पुसून टाकला होता. सगळ्या जाळीला एकच औषधी वास येत होता, तुझ्या पुण्याच्या खोलीत साबणाचा येतो तसा. धडधाकट डोळ्यांच्या मेंढ्यांनी पोटची पोरं ओळखली नाहीत. त्यांना कुणी आंधळं म्हटलं नाही.

मी जाळीच्या तोंडाशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. "काल मी औषध लावलंय." बोलले नाही.

का बोलले नाही, याचं एक कारण सोपं आहे. लाज वाटली. घरातली पहिली शिकलेली, आणि आईने सांगितलेलं ऐकलं नाही, बाटलीचं ऐकलं. पण तेवढंच असतं तर मी रात्री तरी तुला सांगितलं असतं. दुसरं कारण लिहायला मला इतकी पानं लागली. या वर्षी मी एम.एस्सी.चा अर्ज भरला नाही. आईजवळ कोण, म्हणून. तुला म्हणाले की तारीख चुकली. तारीख चुकली नव्हती. तू "बास झालं" म्हणालास तेव्हा मला झालं ते दुःख नव्हतं. सुटले, असं वाटलं मला. मेंढरं गेली, आई पुण्याला गेली, की मी संभाजीनगरला जाईन, वसतिगृहात राहीन, प्रयोगशाळेत उभी राहीन. एका क्षणात मी हे सगळं पाहिलं, अगदी खोलीतली खिडकीसुद्धा. आणि आईला तिच्या डोळ्यांवरून नापास होऊ दिलं.

हे तुझ्यापेक्षा वाईट आहे. तू तिला भीतीपोटी न्यायला निघालास. मी तिला माझ्या सोयीसाठी सोडलं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हितं पायरी हाय न्हवं?" तिच्याच घराची पायरी. मी आतून बघत राहिले. मग ती भिंतीला हात लावून चालू लागली. कळशी घेणं सोडलं. कुणी आलं तर कोण आहे ते सांगेना, विचारायला लागली. संध्याकाळी जाळीत आली तरी कोकरू उचलून माझ्या हातात द्यायची. "तूच लाव बाई. माझं काय खरं न्हाई." औषध उतरलं, वास गेला, मेंढ्या पोरांना ओळखायला लागल्या. आई नाही. आपण पाडव्याला तिची मेंढरं विकायचं ठरवलं, पण त्याआधी तिच्याकडून जे काढून घेतलं ते मेंढरांपेक्षा मोठं होतं.

मी सांगितलं तिला. दुपारी ती लोकर विंचरत बसली होती. म्हटलं, आई, तू चुकली नाहीस, माझ्या औषधाने झालं ते.

"ठावं हाय मला."

"मग तवाच बोलली कावून न्हाईस?" माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

"सणासुदीचं त्यानं तुला झापलं असतं. शिकल्याली पोर, चार मान्सांत कावून खाली बघायला लावायचं?" मग बराच वेळ ती लोकरीतले काटे वेचत राहिली. "मला ठावं हाय औषधाचं व्हतं म्हनून. तरी हात घाबरायलाय. चार मान्सांसमोर एकदा चुकला ना, की हाताला वाटतं आपन आंधळाच हावोत."

मी म्हणाले, दादाला परत बोलावू. या वेळी नीट करू, औषध नाही, फटाके नाहीत, वीस वेळा करून दाखवू. माझ्या डोक्यात तक्ताही तयार झाला होता.

आई म्हणाली, "आन् त्या दिशी वारं फिरलं तर? परत इकायची?" मग म्हणाली, "तुझा दादा पुन्यात कंपनीची बस चालवतो. श्रावनात त्यानं मागं घिऊन खांबाला ठोकली. त्याला कुनी म्हनलं का, उद्यापासनं घरात बस, तुला दिसत न्हाई?"

यावरचं उत्तर तुला येत असेल तर रविवारी सांग. आपण सगळे रोज चुकतो, दादा. दुधात मीठ टाकतो, ओळखीच्या माणसाला ओलांडून जातो, गाडी खांबाला ठोकतो, आणि म्हणतो लक्ष नव्हतं. आई एकदा चुकली की म्हणतो, दिसत नाही. तिने नऊपैकी नऊ लावायची, आणि आपण? मला कुणी नऊपैकी नऊ मागितले असते तर मी दहावीच्या पुढे गेले नसते. तेव्हा दुसरी परीक्षा होणार नाही. ना तुझ्यासमोर, ना माझ्या तक्त्यासाठी.

बाबांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू दर वेळी तेच म्हणतोस, "बाबासारखं व्हायला नगं." म्हणून लिहिते, आणि हे मलाही याच महिन्यात कळलं. बाबा गेले त्या सकाळी मांजरसुंब्याच्या पुढे, हमरस्त्याच्या कडेने कळप चालला होता. दिवस उगवायचा होता, धुकं होतं. आई मागे होती. तिने मागून येणारा आवाज ऐकला आणि ओरडली, "मोठी गाडी हाय, खाली घ्या." बाबांनी वळून पाहिलं. ट्रकचा एकच दिवा चालू होता. बाबा म्हणाले, "फटफटी हाय, दिसती मला. लांब हाय."

बाबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं.

मी तिला विचारलं, हे तू तीन वर्षं कुणाला कसं सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "मेल्याल्या मान्साला खोटं कावून पाडायचं?" दादा, हे टोचायला लिहीत नाही. पण त्या सकाळनंतर आपण दोघांनी ठरवलं की आई रस्त्यावर सुरक्षित नाही. त्या सकाळी रस्त्यावर खरं काय आहे ते ज्या एकटीला कळलं होतं, ती आई होती.

तू म्हणशील, तुला शिकवलं ते मेंढरांमागं जायला नाही. तू माझ्या फीसाठी रात्रपाळ्या केल्यास, हे मी कधी विसरणार नाही, आणि हे उपकार म्हणून लिहीत नाही, खरं म्हणून लिहिते. पण शिकून मी काय शिकले? की समोर जे दिसतं ते तपासून घ्यावं, आणि आपलंच चुकलं असेल तर ते लिहून काढावं. ते आज तुझ्याविरुद्ध वापरते आहे. तू ते शिक्षण वाया गेलं असं समजू नकोस.

गेल्या गुरुवारी सटवा काका आले. त्यांची मेंढरं दर वर्षी दिवाळीनंतर गोदावरीकाठी गंगथडीला जातात, शेतात बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि मेंढरांना चारा. आपली बाबा गेल्यापासून गेली नाहीत. त्याआधी आई जायची, नजर गेल्यावरही दोन वर्षं गेली होती, हे तू विसरला असशील. काका दरवर्षी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "वैनी, या साली येता का?" रविवारच्या टेम्पोचं त्यांना माहीत होतं. तरी विचारलं, आणि तिला विचारलं.

आई म्हणाली, "पोरीला इचारते."

मी म्हणाले, "मला विचारू नकोस. तुझी मेंढरं आहेत."

काका तंबाखू मळत राहिले, घाई केली नाही. जाळीत एक कोकरू ओरडत होतं, त्याची आई लांब दुसऱ्या टोकाला होती. आई उठली. भिंतीला हात न लावता उठली, जाळीत गेली, वाकून ते कोकरू उचललं, नाकापाशी नेलं, आणि मेंढ्यांच्या मधून वाट काढत त्या मेंढीपाशी जाऊन खाली सोडलं. मेंढीने हुंगलं आणि पाय फाकवले. आईने हात लुगड्याला पुसले.

"येते," म्हणाली. "माझी मेंढरं मी न इकता कोन इकायलंय ते बघू."

दादा, ते कोकरू बरोबर लागलं म्हणून मी हे लिहीत नाही. चुकलं असतं तरी मी हेच केलं असतं.

सोमवारी सकाळी ते निघाले. आपली सगळी मेंढरं काकांच्या कळपात. काकूने आईला बिऱ्हाड लादलेल्या घोड्यावर बसायला सांगितलं. आई म्हणाली, "घोड्यावर कोंबड्या बसतात." ती पायी निघाली. सुरुवातीला तिने माझा दंड धरला होता आणि दुसरा हात एका म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर. मी तेलगावच्या रस्त्याला घाटाच्या सुरुवातीपर्यंत गेले. तिथे तिने माझा दंड सोडला. म्हणाली, "जा आता, शाळा हाय तुजी. तुज्या चपला फटफट वाजतात, मेंढरांचं ऐकू यीना मला." मी उभी राहिले. ती वळणावरून खाली गेली. मेंढरांत कुठली ती आणि कुठली काकू, हे मला लांबून दिसेना.

व्यापाऱ्याला मी कालच फोन केला आणि मेंढरं नाहीत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, लखनभाऊंचा शब्द आहे. मी म्हणाले, शब्द भावाचा आहे, मेंढरं आईची आहेत, आणि नकार माझ्या नावावर लिहा. काकांच्या फोनवर दुपारी आई बोलते. काल माजलगावच्या अलीकडे होते. तिला तू फोन कर, पण रागावायला करू नकोस. रागावायचं असेल तर मी इथेच आहे, शाळेत किंवा घरी. रविवारी ये, बसने ये, माझ्याशी भांड. जेवण करून ठेवते. एम.एस्सी.चा अर्ज पुढच्या वर्षी भरणार आहे, आणि तेव्हा जायचं की नाही हे मी ठरवेन. त्याचं ओझं आईच्या डोळ्यांवर टाकणार नाही.

झालेल्या चुकीची माफी मी आईकडे मागितली, तुझ्याकडेही मागते. मेंढरं पाठवली त्याची मागत नाही. ती परवाच घाट उतरली आहेत.

तुझीच, आणि या बाबतीत माघार न घेणारी,

अंजू